कासवाचा पत्ता

१९८२ साली ब्राझीलमधल्या रिओ दी जानेरो शहरातल्या एका घरातून मॅन्युएला नावाचं पाळीव कासव नाहीसं झालं. घराचं काम चालू होतं, कामगारांनी फाटक उघडं टाकलं होतं, तेव्हा ते रस्त्यावर निघून गेलं असणार, असं घरच्यांनी धरून चाललं. घरातल्या वडिलांना बिघडलेली विजेची उपकरणं जमवायची सवय होती. रेडिओ, टीव्ही, जे मिळेल ते आणायचं आणि वरच्या खोलीत कोंबायचं; खोलीला कायम कुलूप. पुढे वडील वारले आणि २०१३च्या जानेवारीत मुलांनी ती अडगळ उपसायला घेतली. मुलाने जुना रेकॉर्ड प्लेअर खोक्यासकट बाहेर कचऱ्यात नेऊन ठेवला. शेजारी म्हणाला, ‘त्यातलं कासवही फेकून देताय का?’ मॅन्युएला खोक्यात होती. तीस वर्षांनी, आणि जिवंत.

पहिला प्रश्न कुणालाही पडेल तोच: इतकी वर्षं खाल्लं काय? तिथल्या पशुवैद्यांचा अंदाज असा, की लाकडातली वाळवी आणि असलेच किडे खाऊन तिने दिवस काढले असावेत. अंदाजच आहे तो, पण अशक्य नाही. आपण जेवतो त्यातला मोठा वाटा नुसतं अंग ऊबदार ठेवण्यात खर्ची पडतो. कासव ही चूल पेटवतच नाही. हवा गार तर ते गार, हवा तापली की तेही तापतं. त्यामुळे त्याच्याएवढ्या वजनाच्या सशा-मांजराला जे चार दिवस पुरणार नाही, त्यावर कासवाचे कितीतरी दिवस निघतात. आणि अन्न मिळेनासं झालं की ते हालचाल, श्वास, हृदयाचे ठोके असं सगळंच आणखी मंद करून बसून राहतं.

मला मात्र दुसराच प्रश्न छळतो. ते तेच कासव होतं, हे ठरवलं कुणी? कुठे खूण नव्हती, नंबर नव्हता. बंद खोली, त्यात दुसरं कासव येणार कुठून, एवढाच पुरावा; आणि वर घरच्यांची खात्री. घरच्यांची खात्री किती पक्की असते बघा: पुढे पशुवैद्याने नीट तपासलं तेव्हा मॅन्युएला मादी नसून नर निघाली. नाव बदलून मॅन्युएल करावं लागलं.

याच्या नेमकी उलट गोष्ट इंग्लंडातल्या सेलबोर्न गावची. तिथले पाद्री गिल्बर्ट व्हाइट हे अठराव्या शतकातले फार बारीक नजरेचे निसर्गनिरीक्षक. त्यांच्या बागेत टिमोथी नावाचं कासव होतं. ते जमिनीत कधी पुरून घेतं, कधी बाहेर येतं, वजन किती भरतं, याच्या नोंदी व्हाइट वर्षानुवर्षं ठेवत. १७८४मध्ये हे टिमोथी बागेतून सटकलं आणि आठवडाभराने परत मिळालं. व्हाइट १७९३ साली गेले, टिमोथी पुढच्या वर्षी. त्याची पाठ लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये जपून ठेवली आहे, आणि ती पाहून तज्ज्ञांनी सांगितलं की टिमोथी हा नर नव्हताच, ती मादी होती. जमिनीवरच्या कासवांत हे ओळखणं तसं अवघड नाही. नराचं पोट मधोमध आत दबलेलं असतं आणि शेपूट लांब, जाड; मादीचं पोट सपाट आणि शेपूट आखूड. पण त्यासाठी कासव उलटं करून बघावं लागतं, आणि आपण सगळे कासवाची पाठच बघत बसतो.

आता हेच प्रश्न घेऊन हिंगोलीत या. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडून गेलाय, कयाधू नदीला लाल पाणी आलंय, आणि नदीकडच्या एखाद्या वस्तीत सकाळी नालीच्या कडेला कासव दिसतं. गल्ली गोळा होते. ‘कोणाचं हाय रे हे?’ एकजण म्हणतो, पाळलेलं असेल, सुटून आलं. म्हातारी हात जोडते, कारण शंकराच्या देवळात गाभाऱ्यापुढे कासवावरून नजर गेल्याशिवाय पिंडीचं दर्शन होत नाही. औंढा नागनाथाच्या जिल्ह्यात हे कुणाला शिकवावं लागत नाही. कुणी म्हणतो, आमच्या विहिरीत सोडू, पाणी साफ राहतं. आणि गर्दीत मागे उभा असलेला एखादा हळूच नखं मोजायला लागतो.

त्या नखांचं आधीच सांगून टाकतो. ‘वीस नखी कासव’ मिळालं की पैशांचा पाऊस पडतो, या थापेपायी महाराष्ट्रात कितीतरी लोक फसले आहेत आणि कितीतरी कासवं पोत्यात मेली आहेत. आपल्या विहिरी-तळ्यांत सर्रास दिसणाऱ्या मऊ पाठीच्या कासवाला प्रत्येक पायावर तीन, म्हणजे बारा नखं असतात. कडक पाठीच्या कासवांना पुढच्या पायांवर पाच-पाच आणि मागच्या पायांवर चार-चार, म्हणजे सहसा अठरा. पाऊस पाडायचा तर कासवालाच आधी दोन नखं उसनी घ्यावी लागतील.

कासव कुणाचं हे विचारण्याआधी ते कोण आहे ते बघायला हवं. पाय बघा. ते खांबासारखे जाड, बोटं वेगळी न दिसणारे असतील, तर हे जमिनीवरचं कासव. बोटांमध्ये पडदा असेल तर पाण्यातलं. पाठीवर चौकटी नसून नुसती कातडी असेल आणि उलटं केल्यावर मागच्या पायांवर झाकणासारख्या दोन झडपा दिसल्या, तर ते आपलं नेहमीचं विहिरीतलं, नाल्यातलं, तळ्यातलं मऊ पाठीचं कासव. तळं आटलं की ते चिखलात स्वतःला पुरून घेतं आणि पावसाची वाट पाहत महिनोन्महिने पडून राहतं. म्हणून तर पहिल्या पावसात ते रस्त्यावर दिसतं. ते हरवलेलं नसतं. उठून कामाला निघालेलं असतं. पाठ कडक, काळपट आणि तिच्यावर तीन उभे कंगोरे असतील तर ते काळं कासव. आणि डोळ्यामागे कानाच्या जागी लालभडक पट्टा असेल तर ते रेड इअर्ड स्लायडर, अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. फिश टँकच्या दुकानात रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं, हिरवंगार पिल्लू मिळतं. मुलं हट्ट धरतात, आईवडील घेऊन देतात. चार-पाच वर्षांत ते जेवणाच्या ताटलीएवढं होतं, टाकीला वास यायला लागतो, आणि मग एका संध्याकाळी कुणी बघत नाही असं पाहून ते तळ्यात सोडलं जातं. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत या कासवाचं नाव आहे. ते स्थानिक कासवांचं अन्न आणि उन्हं खायच्या जागा बळकावतं.

पाठ उंच घुमटासारखी, काळी, आणि प्रत्येक उंचवट्यावरून पिवळे किरण फुटलेले? मग ते स्टार कासव. याच्या पाठीची एक अद्भुत गोष्ट इथे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. गणितज्ञांना बरीच वर्षं एक कोडं पडलं होतं: आतून पोकळ नाही, कुठे जड नाही, हलकं नाही, बाहेरून कुठे खळगा नाही, अशी एकसारखी भरीव वस्तू बनवता येईल का, जी कशीही टाकली तरी स्वतःच्या स्वतः एकाच ठरलेल्या बाजूवर येऊन उभी राहील, आणि त्याशिवाय तिचा तोल साधेल अशी फक्त एकच डळमळती बाजू असेल? २००६ साली हंगेरीच्या गाबोर दोमोकोश आणि पेतेर वार्कोन्यी यांनी तशी वस्तू बनवली आणि तिला नाव दिलं गोम्बोत्स. मग ते दोघे निसर्गात या आकाराचा भाऊबंद शोधायला निघाले, कासवं मोजत सुटले. आणि त्या आकाराच्या अगदी जवळ पोहोचलेलं जे कासव त्यांना सापडलं, ते आपलं भारतीय स्टार कासव. सपाट कासव उताणं पडलं की मान लांब करून, पाय झाडून धडपडतं. हे मात्र थोडे पाय हलवतं आणि पाठीच्या आकारानेच पालथं होतं. गणिताच्या प्राध्यापकांना जे २००६ साली जमलं, ते राजस्थानच्या काटेरी झुडपात कधीपासून चालत होतं.

हो, राजस्थानच्या. स्टार कासवाचं घर म्हणजे राजस्थान-गुजरातकडचा कोरडा पट्टा, दक्षिणेत आंध्र, कर्नाटक, तमिळनाडू यांचे भाग, आणि श्रीलंका. हिंगोली त्या नकाशात बसत नाही. म्हणजे सेनगावच्या बाजारात किंवा वसमतच्या एखाद्या अंगणात स्टार कासव दिसलं, तर ते चालत आलेलं नाही. कुणाच्या तरी पिशवीतून आलेलं आहे. त्याला नक्की कुणीतरी पाळलं होतं, आणि नेमका तोच माणूस पुढे येऊन ‘माझं आहे’ असं म्हणू शकत नाही.

कारण कायदा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार स्टार कासव काय, विहिरीतलं मऊ पाठीचं कासव काय, घरात ठेवणं हाच गुन्हा. २०२२च्या दुरुस्तीनंतर ही दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत: तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. उलट आफ्रिकेतून आलेलं कासव मात्र नियमानुसार नोंदवून ठेवता येतं; २०२४च्या नियमांप्रमाणे आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं असलेल्या प्रजातींचे परदेशी प्राणी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर नोंदवावे लागतात. गंमत बघा: हिंगोलीत कासवाला कायदेशीर मालक असायचा असेल, तर ते कासव परदेशी असावं लागतं. इथल्या मातीतल्या कासवाला मालक नाहीच. तेव्हा सापडलेलं कासव परत करायचं म्हणजे कुणाच्या हातात द्यायचं?

शास्त्रज्ञांनी हा प्रश्न कधी मालकाच्या बाजूने विचारलाच नाही. त्यांना हवं होतं एवढंच: आज पकडलेलं कासव पुन्हा भेटलं तर ते ओळखू यावं. कासव त्याबाबतीत सोयीचं आहे. त्याची पाठ ही काही अंगावर चढवलेली पेटी नव्हे. बरगड्या आणि पाठीचा कणा रुंदावून, एकमेकांना जुळून तयार झालेला तो त्याचा सांगाडाच आहे, जिवंत आणि बोचलं तर दुखणारा. पूर्वी लोक पाठीला भोक पाडून दोरी बांधत, तो म्हणूनच निव्वळ क्रूरपणा होता. पाठीच्या मधल्या भागावर बहुतेक कासवांना १३ चौकटी असतात, पाच मधल्या ओळीत आणि चार-चार दोन्ही बाजूंना. कडेने लहान चौकटींची माळ. १९३९मध्ये फ्रेड केगल या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने या कडेच्या चौकटींवर कानशीने छोट्या खाचा करायची पद्धत मांडली. कुठल्या चौकटीवर खाच, त्यावरून आकडा. ही युक्ती आजही चालते. हल्ली कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवतात. आणि काही जातींत तर कशाचीच गरज नसते, पोटावरच्या काळ्या-पिवळ्या डागांची ठेवणच प्रत्येकाची वेगळी असते. फोटो काढून ठेवला की झालं. वाढीची वर्तुळं मोजून वय सांगणारे पुष्कळ भेटतात, त्यांच्यावर फार विसंबू नये. एखाद्या वर्षी दोन वर्तुळं उमटतात, एखाद्या वर्षी एकही नाही, आणि म्हाताऱ्या कासवाची तर घासून गेलेली असतात.

पण सगळ्यांत सुंदर युक्ती दोऱ्याची. १९२७मध्ये ती मांडली गेली आणि १९४०च्या दशकात ल्युसिल स्टिकल या बाईंनी अमेरिकेतल्या पटक्सेंटच्या जंगलात तिचा फार कसून उपयोग केला. कासवाच्या पाठीवर दोऱ्याचं रीळ बसवायचं, दोऱ्याचं टोक झुडपाला बांधायचं आणि कासवाला सोडून द्यायचं. ते चालत जाईल तसा दोरा सुटत जातो. दुसऱ्या दिवशी दोऱ्याच्या मागोमाग जायचं, की ते कुठे वळलं, कुठे थांबलं, कुठल्या ओंडक्याला वळसा घातला, सगळा प्रवास जमिनीवर लिहून ठेवलेला. स्टिकलबाईंच्या दोऱ्यांनी जे दाखवलं ते थक्क करणारं होतं. बॉक्स टर्टल नावाचं ते कासव साधारण शंभर-एकशेदहा मीटर व्यासाच्या तुकड्यात वावरत होतं, आणि वर्षानुवर्षं त्याच तुकड्यात. पाणी कुठे आहे, सावली कुठे, कोणत्या झाडाखाली अळंबी येते, थंडीत कुठे पुरून घ्यायचं, हे सगळं त्याला त्या एवढ्याशा जागेपुरतं पाठ. तिथून उचलून लांब नेलं तर ते नव्या जागी रमत नाही. चालत राहतं. रस्ते ओलांडत, उपाशी, परतीची दिशा शोधत. इटलीत जमिनीवरच्या कासवांवर असेच प्रयोग झाले, त्यांतलीही बरीच कासवं नेऊन सोडल्यावर घराच्या दिशेने वळली.

म्हणजे कासवाला मालक नसतो. त्याला ठिकाण असतं. आणि ते ठिकाण गावाच्या नावाएवढं ढोबळ नसतं. हिंगोलीचंच घ्या. नर्सीवरून, हिंगोलीवरून वाहणारी कयाधू पुढे पैनगंगेला मिळते. पैनगंगा वर्धेला, वर्धेचं पाणी प्राणहितेत, आणि प्राणहिता थेट सिरोंच्यापाशी गोदावरीत. त्याच जिल्ह्यातली पूर्णा सिद्धेश्वरच्या धरणातून निघून वसमतच्या बाजूने उतरते आणि परभणी जिल्ह्यात सरळ गोदावरीला भेटते. मोटारसायकलवर तास-दीड तासाचं अंतर असलेली दोन पात्रं, पण पाण्याच्या वाटेने एकातून दुसऱ्यात जायचं तर महाराष्ट्राचं टोक गाठून उलटं यावं लागेल. कयाधूचं कासव उचलून पूर्णेत टाकणारा माणूस मनाने भला असतो, यात शंका नाही. तो त्याला घरी पोहोचवतोय असं त्याला वाटतं. शिवाय पाळलेलं कासव मोकळ्यात सोडलं की त्याच्याबरोबर त्याचे आजारही सुटतात. अमेरिकेच्या मोहावी वाळवंटातल्या कासवांमध्ये श्वसनाचा जो रोग पसरला, त्यामागे सोडून दिलेली पाळीव कासवं असावीत असा संशय आहे.

पिशवीतून आलेल्या स्टार कासवाचं तर आणखी कठीण. ते कुठून आलं हे त्याच्या अंगावर लिहिलेलं नसतं, पण पेशींत असतं. २००६मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सिंगापूरहून परत आणलेल्या स्टार कासवांचा डीएनए तपासला तो ह्यासाठीच, त्यांचा मूळ मुलूख कोणता हे शोधायला. वायव्येकडची आणि दक्षिणेकडची स्टार कासवं या दोन वेगळ्या वंशरेषा दिसतात, तेव्हा राजस्थानचं कासव तमिळनाडूत सोडलं तर ते दिसायला ‘जंगलात परत’ असलं तरी परक्याच्या घरातच. २०१८च्या नोव्हेंबरमध्ये सिंगापूरहून ५१ स्टार कासवं विमानाने बंगळुरूला आणली गेली. चोरट्या व्यापारात पकडलेली ती. विमानाने परत आलेली कासवं म्हणून बातमी गोड होती. पण विमानतळ हे घर नव्हे, खरं काम त्यानंतर सुरू होतं. पुढच्याच वर्षी, २०१९मध्ये, या प्रजातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर पूर्ण बंदी आली.

मग पाळणाऱ्याचं आणि कासवाचं नातं काहीच नाही का? आहे, आणि ते आपल्या समजुतीपेक्षा लांब टिकणारं आहे. इंग्लंडमध्ये ॲना विल्किन्सन यांनी मोझेस नावाच्या कासवाला आठ फाट्यांच्या चक्रव्यूहात सोडलं. एकदा खाऊन आलेल्या फाट्यात ते पुन्हा सहसा जात नसे. व्हिएन्ना आणि झुरिकच्या प्राणिसंग्रहालयांतल्या महाकाय कासवांना रंगीत चेंडू ओळखायला शिकवलं होतं. व्हिएन्नातल्या कासवांना नऊ वर्षांनी पुन्हा तो चेंडू दाखवला, तेव्हाही ती शिकवल्याप्रमाणे त्याच्याकडे आली. तेव्हा रोज कोथिंबिरीची काडी देणारा हात कासव विसरत नसेल, हे मानायला मी तयार आहे. त्याला त्या हाताची ओढ वाटते का, हे मात्र कासवाने अजून कुणाला सांगितलेलं नाही.

गल्लीतल्या त्या कासवाचं म्हणाल तर करायचं काम थोडंच आहे. रस्ता ओलांडताना दिसलं तर ज्या बाजूला तोंड होतं त्या बाजूला नेऊन ठेवायचं, उलट नाही. त्याला कुठे जायचंय ते त्याला ठाऊक असतं. घरातून सुटलेलं वाटलं, जखमी असलं, स्टार किंवा लाल पट्ट्याचं असलं, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा. विहिरीत, तळ्यात, देवळाच्या कुंडात सोडायचं नाही. आणि एक गोष्ट न विसरता लिहून ठेवायची: ते नेमकं कुठे सापडलं. कुठल्या नाल्याच्या कडेला, कुठल्या शेताच्या बांधाला. फोटोपेक्षा आणि नावापेक्षा ही एक ओळ त्याच्या जास्त उपयोगाची. वन विभागाच्या माणसाला त्याला परत न्यायचं ठिकाण त्यातूनच मिळतं.

इतकं सगळं ठरवून झाल्यावर, कासवाला एक पक्का पत्ता असतो असं म्हणून मोकळं व्हावं, तर समुद्रातलं एक कासव येऊन घोटाळा करतं.

१८ मार्च २०२१ रोजी ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं हजारोंनी अंडी घालायला आली होती. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे बासुदेव त्रिपाठी आणि त्यांचे सहकारी तिथे माद्यांच्या पुढच्या परांना, म्हणजे वल्ह्यासारख्या पायांना, धातूचे छोटे बिल्ले लावत होते. काही वर्षांत असे बारा हजारांच्या आसपास बिल्ले त्यांनी लावले. त्यांतल्या एका मादीच्या बिल्ल्यावर आकडा होता ०३२३३. ती समुद्रात गेली. जवळपास चार वर्षांनी, २७ जानेवारी २०२५च्या रात्री, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागरच्या वाळूत एक मादी अंडी घालायला वर आली. तिच्या परावर बिल्ला होता: ०३२३३.

पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यावर. अंदाजे साडेतीन हजार किलोमीटर, आणि श्रीलंकेला पूर्ण वळसा घातला असेल तर त्याहून जास्त. रामेश्वरजवळच्या पांबनच्या अरुंद वाटेने आली की लंकेच्या खालून, हे त्या बिल्ल्याला सांगता येत नाही. तो फक्त दोन टोकं सांगतो. त्याच्या दोन वर्षं आधी, २०२३च्या फेब्रुवारीत, याच गुहागरला बागेश्री नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारं यंत्र बसवलं होतं. ती उलट दिशेने गेली, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात. तोवर कोकणातली कासवं अरबी समुद्राची आणि ओडिशातली बंगालच्या उपसागराची, अशी आपली वाटणी होती. कासवांना ती कुणी कळवलेली नव्हती.

समुद्री कासवाची मादी आपण जिथे जन्मलो त्याच किनाऱ्याच्या आसपास अंडी घालायला येते, हे आजवर वारंवार दिसलेलं आहे. कशी येते, याचं उत्तर अमेरिकेच्या केनेथ लोमान यांनी वर्षानुवर्षं शोधलं. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची तीव्रता आणि कल ठिकाणागणिक बदलतो. वाळूतून बाहेर पडणारं पिल्लू आपल्या किनाऱ्याची ती चुंबकीय खूण मनात ठेवतं, असा त्यांचा तर्क. त्यांच्या प्रयोगशाळेतला एक निबंध २०२५च्या फेब्रुवारीत, ०३२३३ गुहागरला आली त्याच सुमारास, ‘नेचर’मध्ये छापून आला. लॉगरहेड जातीच्या पिल्लांना एका विशिष्ट चुंबकीय क्षेत्रात खाऊ घातलं, दुसऱ्यात नाही. पुढे अन्न न देता नुसतं पहिलं क्षेत्र तयार केलं, तरी पिल्लं पाण्यात डोकं वर काढून, पुढचे पर फडफडवून नाचायला लागली. जेवणाच्या जागेचा चुंबकीय पत्ता त्यांनी पाठ केला होता.

मग ०३२३३चं काय? ती गहिरमाथ्याची की गुहागरची? गुहागरला जन्मून ओडिशाला गेली आणि पुन्हा माहेरी आली, की ओडिशाची असून कोकणात नवं घर शोधलं, की तिला दोन्ही किनारे घरचेच? कुणी तिला जन्मताना पाहिलेलं नाही. तिने त्या रात्री १२० अंडी घातली. त्यातून १०७ पिल्लं बाहेर पडून समुद्रात गेली. एवढ्या लहान परांना बिल्ला लावता येत नाही. त्यांतल्या ज्या माद्या जगतील, त्या अंडी घालण्याच्या वयाला यायला दहा-पंधरा वर्षं लागतील. तोवर त्यांचा पत्ता गुहागर की गहिरमाथा, यावर पैज लावायची असेल तर मी गुहागरवर लावीन. आईचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवून, फार मोठी रक्कम नाही.